पनवेलच्या डोक्यावरचा डोंगर

पनवेलचे आपले बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे. माथेरान 'सापडले' ते १८५० च्या मे महिन्यात. म्हणजे आपले सिनेगॉग त्या थंड हवेच्या ठिकाणापेक्षा एका वर्षाने मोठे आहे. ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून ती आधी नोंदवून ठेवतो. माथेरान आणि पनवेल यांचा हिशोब एकत्र का मांडायचा, ते पुढे कळेलच.

लिहिण्याचे निमित्त ताजे आहे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधल्या माणसांनी ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. त्यांच्या जागी बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षा येणार. बातमी आली आणि आमच्या नात्यागोत्यातून निरोप सुरू झाले. कोणी अश्दोदहून, कोणी लोदहून, कोणी कॅनडाहून. सूर एकच: गेले, आता माथेरानही गेले. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेले ते तांबड्या मातीचे रस्ते, घोडे, झुकझुक गाडी, दस्तुरीपासून रिक्षात बसून गेलेली आजी. सगळ्यांना ते जसेच्या तसे हवे आहे, आणि तेही आपण तिथे राहत नसताना.

मी राहतो बहरीनमध्ये, मनामाला. इथे डोंगर म्हणावा असा एकच, जबल अद्-दुखान. बेटावरची ती सर्वांत उंच जागा, आणि तिची उंची दीडशे मीटरही भरत नाही. आमच्याकडच्या माणसाने तिला टेकाड म्हटले असते. पण त्याच्याच आसपास १९३२ साली आखाताच्या अरब बाजूची पहिली तेलविहीर लागली आणि बेटाचे नशीब पालटले. त्याआधी या बेटाचे नशीब मुंबईच्या हाती होते. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आणि १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत इथे व्यवहार रुपयांत चाले. त्यामुळे जुन्या बहरीनी माणसाला मुंबई सांगावी लागत नाही, आणि मुंबईचा पाऊस तर मुळीच नाही. माथेरान मात्र समजावून सांगावे लागते. मोटार नसलेले गाव, असे सांगितले की पेट्रोलच्या देशातला माणूस हसतो.

आता मूळ गोष्ट. ह्यू मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर. आज माथेरान रायगड जिल्ह्यात आहे, पण तेव्हा तो सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. मॅलेटचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावी होता. तिथून तो चौकच्या पाटलाला सोबत घेऊन वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला. इंग्रजी पुस्तके याला 'शोध' म्हणतात. जो पाटील वाट दाखवायला पुढे चालला, त्याला ती वाट आधीच माहीत होती हे उघड आहे. माथ्यावर रान म्हणून माथेरान, हे नावदेखील मॅलेटच्या आधीचेच. डोंगराच्या कुशीत ठाकर, कातकरी आणि धनगर वाड्या होत्या, आणि आजही आहेत. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याने स्वतःचा बंगला बांधला, साहेबलोकांची रीघ लागली, पॉइंटांना लुइझा, शार्लट, गार्बट अशी मडमांची आणि साहेबांची नावे पडली. तिथल्या धनगराच्या नावाचा पॉइंट मी तरी ऐकलेला नाही.

त्या काळात पनवेल हे लहान खेडे नव्हते. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने खाडीतून पनवेलला उतरे आणि तिथून बोरघाटाकडे निघे. फौजा, टपाल, व्यापारी, सरकारी अंमलदार, सगळे पनवेलवरून जात. आपले लोक तिथे होते ते अशा वाहत्या गावात. कोकणातल्या गावांमधून तेलाच्या घाण्यावर पोट भरणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' नाव पडलेले, आणि पुढे मुंबईच्या फौजेत नाव कमावून सुभेदार होऊन परतलेले. गावाला पैसा आणि माणसे होती, म्हणूनच १८४९ मध्ये तिथे सिनेगॉग उभे राहिले. जुनी मंडळी त्याला मशीदच म्हणत, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. नवसाला पावणारी जागा म्हणून तिचे नाव आजही आहे. मुंबई-ठाण्याच्या बायका मेणबत्त्या घेऊन तिथे जातात, आणि इस्रायलहून आलेल्या सहलीच्या बसगाड्याही थांबतात.

मग १८५६ मध्ये रेल्वे नेरळवरून पुढे गेली. माथेरानची पायथ्याची बाजू एका रात्रीत बदलली: चौक-पनवेलकडून न चढता लोक नेरळकडून चढू लागले. आणि १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे पुण्याच्या बाजूला जोडली गेल्यावर पनवेलचा वाहता रस्ता आटला. आपल्या लोकांनी पनवेल सोडून मुंबई, ठाणे, पुणे धरले, त्याची कारणे पुष्कळ आहेत. नोकऱ्या आहेत, शाळा आहेत. पण रेल्वेने गावाला वळसा घातला हेही त्यात धरायला हवे.

नेरळ-माथेरानची छोटी गाडी नंतरची, १९०७ ची. सर आदमजी पीरभॉय या बोहरी घराण्याने ती स्वतःच्या पैशाने बांधली, काम पाहिले मुलगा अब्दुल हुसेन याने. १९०४ ते १९०७ अशी तीन वर्षे आणि सोळा लाख रुपये लागले. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान ही स्टेशने आपल्या पिढीला पाठ आहेत. एक मात्र लक्षात ठेवावे. ही गाडी पावसाळ्यात नेरळपासून चालत नाही, फक्त वरती अमन लॉज ते माथेरान अशी फेऱ्या मारते. आणि गेल्या दहा वर्षांत ती उरलेल्या आठ महिन्यांतही भरवशाची राहिलेली नाही. २०१६ मध्ये डबे घसरल्यावर बंद, २०१८ च्या आरंभी पुन्हा नेरळपासून सुरू, २०१९ च्या पावसाने रूळ उखडल्यावर पुन्हा बंद, ती सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडले. परदेशातून तिकीट काढून येणाऱ्यांनी केवळ या गाडीसाठी तारखा ठरवू नयेत, हा माझा अनुभवाचा सल्ला.

बाकी गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. त्यापुढे मोटारीला बंदी, ती इंग्रजांच्या काळापासूनची. दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पायी जा, घोड्यावर जा, नाहीतर हातरिक्षाने. आमच्या घरी एक विनोद होता की माथेरानला रोजच शब्बाथ, कोणी गाडीत बसत नाही, सगळे चालतात. विनोद चालणाऱ्यापुरता ठीक. हातरिक्षा ओढणाऱ्याला शब्बाथ नसतो. चढावर एक माणूस पुढे दांड्यांमध्ये आणि दोघे मागून लोटणारे, अशी ती चालते. उतारावर तेच दोघे मागे खेचून धरतात. आत बसलेला माणूस, त्याच्या बॅगा, मांडीवरचे पोर, सगळा भार तीन माणसांच्या पायांवर. परवाने असलेल्या अशा ९४ हातरिक्षा होत्या. ओढणारे बहुतेक डोंगराच्या आसपासच्या गावा-वाड्यांतले गरीब.

गावात राहणाऱ्यांचे गाऱ्हाणे पर्यटकाला दिसत नाही. तो दोन दिवस राहतो आणि चालण्याचा आनंद घेऊन जातो. गावातल्या पोराला मात्र शाळेसाठी रोज चालावे लागते, पावसात आणि धुक्यातही. म्हाताऱ्याच्या छातीत दुखले, बाई अडली, तर गावच्या रुग्णवाहिकेवर भरवसा. किराणा, गॅस, विटा, सिमेंट, सगळे माणसाच्या किंवा घोड्याच्या पाठीवरून येते, म्हणून महाग. जनगणनेचे आकडे बोलके आहेत: २००१ मध्ये ५,१३९ वस्ती, २०११ मध्ये ४,३९३. जे गाव आपल्याला जसेच्या तसे राहायला हवे आहे, ते गाव स्वतःची माणसे टिकवू शकत नाही.

म्हणून ई-रिक्षाची मागणी बाहेरून आली नाही, ती रिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेतूनच आली. एका निवृत्त शिक्षकाच्या पुढाकाराने त्यांनी वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या केल्या आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय गाठले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रयोग करून पाहायला परवानगी दिली, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात सात ई-रिक्षा धावल्या. शाळकरी मुले, म्हातारी माणसे खूश. घोडेवाले नाखूश, आणि त्यांचेही म्हणणे टाकण्यासारखे नाही. साडेचारशेच्या वर घोडे, त्यांवर पोट असलेली कुटुंबे, आणि घोड्याला हंगाम नसला तरी दाणा लागतोच. शिवाय रस्त्याचा वाद. ई-रिक्षा चालायची तर चिखलाच्या चढावर काहीतरी बसवायला हवे. पेव्हर ब्लॉक बसवले तर घोडे घसरतात आणि पावसाचे पाणी मातीत मुरत नाही, असा आक्षेप. तेही प्रकरण न्यायालयात गेले. ऑगस्टच्या निकालात त्याचा मध्य असा काढला: दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक चालतील, खाली काँक्रीट ओतायचे नाही, आणि आतल्या रस्त्यांवर व पायवाटांवर ते नकोत. ई-रिक्षा द्यायच्या त्या आधी हातरिक्षा ओढणाऱ्यांना आणि स्थानिकांना, त्यात आदिवासी बायकांनाही. सरकारने गुजरातेतल्या केवडियाप्रमाणे त्या भाड्याने द्याव्यात, आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नये, असेही न्यायाधीशांनी बजावले. माणसाने माणसाला ओढणे माणुसकीला धरून नाही, हा निकालाचा गाभा.

आपल्या निरोप पाठवणाऱ्या नातलगांना मी एवढेच विचारतो. आपण आपल्या वाडवडिलांच्या घाण्याचा अभिमान धरतो. परदेशातल्या प्रदर्शनांत घाण्याचे चित्र लावतो, नातवंडांना 'शनिवार तेली' ही गोष्ट सांगतो. पण कोणी असे म्हणतो का, की आजोबांनी घाण्याभोवती फिरत राहायला हवे होते, म्हणजे गाव कसे जुने दिसले असते? आजोबांनी पोरांना शाळेत घातले, फौजेत धाडले, रेल्वेत चिकटवले, आणि घाणा सोडला. तो सोडण्याचा हक्क आपल्याला होता. दस्तुरीच्या चढावरच्या माणसालाही तो आहे.

अर्थात ई-रिक्षा आली म्हणजे सारे नीट झाले असे नाही. मार्च २०२५ मध्ये माथेरान चक्क बंद होते. दस्तुरी नाक्यावर पर्यटकांना गाडी चालू नाही, रिक्षा नाही, अशी खोटी माहिती देऊन जादा पैशांत घोड्यावर बसवतात, ही तक्रार टोकाला गेली आणि गावातल्या हॉटेलवाल्यांनी, दुकानदारांनी बेमुदत बंद पुकारला. प्रशासनाने आश्वासने दिली, बंद मिटला. एकाच डोंगरावर पोट भरणाऱ्यांची ही आपसातली ओढाताण आहे, आणि ती पुढेही चालेल.

आता पनवेलकडे परत येतो. पश्चिमेच्या पॉइंटांवर उभे राहिले की समोर प्रबळगड आणि त्याच्या अलीकडे खोल दरी दिसते. तिथे गाढी नदी उगम पावते. ही गाढी खाली उतरते आणि पनवेलला लागून खाडीला मिळते. तिच्या वाटेवर पायथ्याशी देहरंगचे धरण आहे, गाढेश्वरचे धरण म्हणूनही ओळखतात. पनवेल नगरपालिकेने स्वतःसाठी बांधलेले. पनवेलकर अनेक वर्षे ते पाणी प्यायले, म्हणजे माथेरानच्या उतारावर पडलेला पाऊस. आज धरणात गाळ साचला आहे, आणि उन्हाळ्यात पनवेलला टँकरची भाषा सुरू होते. माथेरानची स्वतःची गतही वेगळी नाही. शार्लट तलाव आहे, पण तेवढ्याने भागत नाही, नेरळच्या बाजूने पंपाने पाणी वर चढवावे लागते. जिथे पाऊस कोसळतो तिथेच उन्हाळ्यात घागर रिकामी.

इथे बहरीनमध्ये अधारी नावाचा एक प्रसिद्ध झरा होता. त्याचे पाणी पाटांनी लांबच्या बागांना जाई आणि जवळची जमीन कोरडी राही. म्हणून इथे म्हण पडली: अधारीसारखा आहेस, लांबच्याला पाजतोस आणि जवळच्याला विसरतोस. दूर गेलेल्या पोरांनाही बहरीनी बायका ही म्हण ऐकवतात. झरा पुढे आटला, कारण भोवतालून पाणी उपसले गेले. म्हण उरली.

माथेरानच्या बाबतीत असे होऊ नये म्हणून मुंबईच्या बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती, आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. त्यात कर्जत, खालापूर, पनवेल आणि अंबरनाथ तालुक्यांतली गावेही आली. वरचे रान टिकले तर खालच्या नद्यांचे पाणी आणि माती जागच्या जागी राहते, हे त्यामागचे साधे गणित. खालच्या बाजूला मात्र पनवेलभोवतीची भाताची शेते गेली, फार्महाऊस आले, इमारती आल्या, आता विमानतळ. अधिसूचनेची हद्द आहे, पाण्याला ती माहीत नाही.

हे २६ जुलै २००५ रोजी दिसले. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा सर्वांच्या लक्षात आहे. त्याच पावसाने माथेरानच्या छोट्या गाडीचा मार्ग ठिकठिकाणी धुऊन नेला. तो दुरुस्त होऊन गाडी सुरू झाली मार्च २००७ मध्ये, शंभरी गाठायला जेमतेम वेळेवर. आणि त्याच पावसाने डोंगराकडून आलेल्या नद्या पनवेलमध्ये घुसल्या. बेथ एलमध्ये पाणी शिरले, सेफेर तोऱ्या भिजून खराब झाल्या. दीडशे वर्षांहून अधिक काळ ज्या जागेला आग नाही, दंगल नाही, कोणाचा धक्का नाही, तिचे एवढे नुकसान एका रात्रीत पाण्याने केले. मनामाच्या सिनेगॉगची गोष्ट इथे आठवते. ते १९४७ च्या डिसेंबरात जमावाने उद्ध्वस्त केले होते, अनेक वर्षांनी पुन्हा उभे राहिले. भारतात आपल्याला असा जमाव कधी पाहावा लागला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरे आहे. पण म्हणून पनवेलच्या सिनेगॉगला धोकाच नाही असे समजू नये. त्याचा धोका डोंगरावरून येतो.

आणखी एक नाव या डोंगराच्या हिशोबात लिहायलाच हवे, इर्शाळवाडी. मॅलेट ज्या चौक गावातून चढला, त्याच चौकजवळ इर्शाळगड आहे. त्याच्या उतारावर ठाकरांची ही वाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री, लोक झोपेत असताना, दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता म्हणून शोध थांबवला. गाडीचा रस्ता नव्हता, मदतीला गेलेल्यांना चिखलातून चढत जावे लागले. थंड हवेच्या ठिकाणच्या बातम्या मोठ्या छापल्या जातात. या वाड्यांची बातमी त्यांच्या मरणानंतरच येते.

परदेशातून यंदा हिवाळ्यात येणाऱ्या मंडळींसाठी आता थोडे कामाचे. दरवर्षी कोणीतरी मला विचारते की खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचे ठिकाण कुठे आहे, लोणावळ्याला उतरायचे का. नाही. ते खंडाळे अलिबागजवळचे. घाटातल्या खंडाळ्याशी त्याचा संबंध नाही. रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा ज्या खडकावर दाखवतात तो तिथे आहे, आणि मलिदा करायला लोक तिथेच जातात. पनवेल मात्र त्याच सहलीत करता येते, रस्त्यातच आहे. बेथ एल पाहून झाल्यावर वेळ असेल तर गाढी नदीच्या काठाकाठाने देहरंगपर्यंत जाऊन या. वर माथेरानचा कडा दिसतो, आणि मी वर जे लिहिले ते पाच मिनिटांत डोळ्यांनी समजते.

माथेरानला जाणारच असाल तर चालता येणाऱ्यांनी चालावे. चालता येत नसेल तर ई-रिक्षाची रांग धरावी, तिचा कंटाळा करू नये. दस्तुरीला कोणी 'काहीच चालू नाही' म्हणाले तर पुढे जाऊन स्वतः पाहावे. घोडा केलात तर भाव आधी ठरवा आणि ठरलेला द्या. न्यायालयाने दिलेली सहा महिन्यांची मुदत फेब्रुवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात संपते. ९४ परवानेवाल्यांपैकी किती जणांच्या हाती तोवर ई-रिक्षा पडते, ते मी इथे पुन्हा लिहीन.

आणि एक विनंती. पनवेलच्या घरांचे, आळीचे, २००५ च्या पुरापूर्वीच्या सिनेगॉगच्या आतल्या भागाचे फोटो कोणाकडे असतील, तर पेटीतून काढून मागच्या बाजूला वर्ष लिहिले आहे का ते पाहा, आणि मला पाठवा. माथेरानच्या सहलीचे फोटोही चालतील. त्यांत रिक्षा ओढणारा दिसत असेल तर तो कापून टाकू नका.